मालनकाकींचं मत

"इन्होंने क्या कहा था?" बाईंनी मला विचारलं.

"'नाही' म्हणाल्या."

"मतलब?"

"मतलब, नहीं."

बाईंनी पुढ्यातल्या कागदावर ते लिहिलं. त्या तिथल्या सुरक्षा अधिकारी. कोटावर नावाची पट्टी होती, दहिया. संसद भवनाच्या, म्हणजे तेव्हाच्या गोल भवनाच्या, एका लहानशा खोलीत आम्ही बसलो होतो. वरच्या दर्शक दीर्घेत कुणी गोंधळ घातला की त्याला सभागृह उठेपर्यंत तिथं बसवून ठेवत. आत पत्रकं फेकणारे, घोषणा देणारे असे लोक त्या खोलीत येऊन गेले असतील. त्या दिवशी तिथं हिरव्या इरकली लुगड्यातल्या, साठीला टेकलेल्या मालनकाकी खुर्चीवर पाय घेऊन बसल्या होत्या.

माझ्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. आता काकींवर गुन्हा नोंदवतात की काय, माझा पास जप्त होतो की काय, आबांचं पुढचं तिकीट गेलंच की काय. आणि काकी मला विचारत होत्या, "मनू, ह्या बाईला पोरं किती, इचार की."

हे मी मधूनच सांगायला लागलो. आधी आबांचं सांगतो.

आबा म्हणजे खासदार सर्जेराव हुलवान, आणि मी मनोहर पिसाळ, त्यांचा स्वीय सहायक. त्याआधी मी तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टाइपरायटर टाकून बसायचो. आबांनी पहिल्यांदा लोकसभेचा अर्ज भरला तेव्हा संपत्तीचं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं होतं. आबा निवडून आले आणि म्हणाले, "मनू, तुझ्या टायपात एक चूक सापडली न्हाई. चल दिल्लीला." चूक नव्हती, असं मलाही तेव्हा वाटत होतं.

दिल्लीत आबा तीन वर्षं शहाण्या मुलासारखे वागले. रस्ते, रॉकेल, टपाल कचेरी यांवर प्रश्न विचारले. मतदानाच्या वेळी पक्षाचे प्रतोद बोट दाखवतील ते बटण दाबलं. मग एकदा सुट्टीत गावी जाऊन आले आणि बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाले, "मनू, आपल्याला एक विधेयक घालायचंय."

"कसलं, आबा?"

"लग्न झालं की राहतं घर नवराबायको दोघांच्या नावावर. आपोआप. कुणी दिलं न्हाई दिलं, प्रश्न न्हाई."

मी बघतच राहिलो. रॉकेलवरून माणूस एकदम इथं कसा आला? "हे कुठून सुचलं?"

"मतदारसंघातल्या एका भगिनीनं प्रश्न इचारला," आबा म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मंत्री आणतात ते सरकारी विधेयक. साधा खासदार आणतो ते खासगी. शुक्रवारी दुपारी, निम्मे खासदार गावच्या गाडीत बसलेले असताना, त्यावर चर्चा होते. चिठ्ठीत नाव निघालं तरच नंबर लागतो. आणि नंबर लागला तरी ते मंजूर होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेवटी मंत्री उठतात, सन्माननीय सदस्यांच्या भावनांची कदर करतात आणि विधेयक मागे घेण्याची विनंती करतात. सदस्य मागे घेतो. लग्नात रुसलेल्या व्याह्याची समजूत काढून त्याला पंगतीला बसवतात, तसला प्रकार. व्याही कशासाठी रुसला होता ते मग कुणी विचारत नाही.

आबांचं नशीब की चिठ्ठी निघाली. पहिल्या शुक्रवारी आबा वीस मिनिटं बोलले, कऱ्हाडी हिंदीत, पण बोलले जोरात. उरलेली चर्चा पुढच्या शुक्रवारी होती. मधल्या मंगळवारी प्रतोदांनी त्यांना बोलावलं. आबा परत आले ते कोट न काढताच पलंगावर बसले.

"काय म्हणाले?"

"मागं घ्या म्हणाले. मतदान मागायचं न्हाई. मंत्री मित्रपक्षाचं, त्यास्नी उघडं पाडायचं न्हाई. बायकांच्या घराला इरोध केला असं दिसंल म्हणं." मग ते म्हणाले, "आन पुढल्या तिकिटाची यादी तयार व्हायला लागलीया. पक्षाचा निवडणूक निधी कुणाला किती, त्योबी त्याच यादीत."

"मग?"

"मग तू दोन भाषणं टाइप कर. एक मागं घ्यायचं. एक न घ्यायचं."

मी दोन्ही टाइप केली. पहिलं चार ओळींचं होतं, दुसरं दीड पानाचं.

गुरुवारी आबांच्या पत्नी मालनकाकी निजामुद्दीनला उतरल्या. तीन वर्षांत दिल्लीला पहिल्यांदाच. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या चर्चेची बातमी गावच्या वाचनालयात वाचून दाखवली गेली होती, ती ऐकून त्यांनी भाच्यासोबत गाडी पकडली होती. ज्वारीचं पीठ, खर्डा, कुळीथ आणि घेवड्याच्या शेंगा असं सगळं बरोबर आलं.

काकींची एक सवय होती. खडकवाडीचं घर, ज्यात त्या चाळीस वर्षं राहिल्या, त्याला त्या कधी 'आमचं घर' म्हणाल्या नाहीत. 'ह्यांचं घर' म्हणायच्या. "ह्यांच्या घराला कौलं बदलायची हायती." "ह्यांच्या घरी जेवून जा." नवऱ्याचा मान ठेवतात, असं आम्ही समजायचो. दिल्लीच्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकल्यावर त्या इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "तितं ह्यांचं, हितं सरकारचं. बरं हाय."

शुक्रवारी आबा लवकर गेले. निघताना डाव्या खिशात एक कागद ठेवला, उजव्या खिशात दुसरा. कुठला वाचणार, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी काकींना जेवायला वाढलं, म्हणजे त्यांनीच वाढलं, आणि जेवता जेवता आज काय होणार ते समजावून सांगितलं.

"मंत्री उठतील. म्हणतील, मागं घ्या."

"का म्हणून?"

"तशी पद्धतच आहे. मग आबा बोलतील. आबा जर मागं घेतो म्हणाले, तर अध्यक्ष सगळ्यांना विचारतील, सभागृहाची परवानगी आहे का?"

"आन मग?"

"मग सगळे हो म्हणतात. झालं."

काकींनी भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "आन एकांदा न्हाई म्हणला तर?"

"तर मत घ्यावं लागेल."

"एकानं म्हणलं तरी?"

"जोरात म्हटलं तर," मी म्हणालो. मला खरोखर वाटलं, की त्यांना नुसतंच कुतूहल आहे. दुसरी भाकरी घेऊ की नको या विचारात होतो मी.

खरं तर मला कळायला हवं होतं. खडकवाडीतलं दारूचं दुकान बंद करायला बायकांनी मतदान केलं, तेव्हा पुढं काकीच होत्या. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. त्याआधी ग्रामसभा भरली होती. सरपंचानं विचारलं, "दुकान ऱ्हाऊ द्यावं, सगळ्यांची संमती हाय न्हवं?" पुरुष हो म्हणाले. मागं ओट्याला टेकून बसलेल्या काकी म्हणाल्या, "न्हाई!" आणि त्या एका 'न्हाई'वर सगळं सुरू झालं होतं. सभा म्हणजे काय, तर जिथं विचारतात आणि बसलेल्यानं सांगायचं असतं, हे काकींना पक्कं माहीत होतं. पुढं बसलेला आणि मागं बसलेला, असा भेद त्यांना ठाऊक नव्हता. दर्शक दीर्घेत पिशवी न्यायची नाही, पुढं वाकायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे सगळं मी त्यांना सांगितलं. बोलायचं नाही, हे सांगायचं राहिलं. ते काय सांगायचं, असं मला वाटलं.

दीर्घेत आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. खाली हिरव्या बाकांवर पन्नासेक माणसं. दोघंतिघं पेंगत होते. काकींनी आबांना शोधलं आणि हळूच म्हणाल्या, "वाळल्यात."

मंत्री बोलले. मुद्दा महत्त्वाचा आहे, सरकार गंभीर आहे, राज्यांशी विचारविनिमय करावा लागेल, म्हणून सन्माननीय सदस्यांना विनंती. मग आबा उठले.

"महोदय," आबांनी सुरुवात केली, "मेरे मतदारसंघ की एक भगिनी ने मुझको पूछा था, कि मेरा घर कौन सा..."

काकींनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. आबांच्या हिंदीला हसताहेत असं समजून मीही हसलो.

आबांनी हात उजव्या खिशात घातला, रिकामाच बाहेर काढला. मग डाव्या खिशातला कागद काढला. चार ओळींचा. मला वरून ओळीसुद्धा मोजता आल्या. त्यांनी तो मान खाली घालून, न थांबता वाचला, शाळेत न आवडलेला धडा वाचतात तसा. 'मंत्रीमहोदयांच्या आश्वासनाचा आदर करून मी माझे विधेयक मागे घेऊ इच्छितो.'

माझ्या शेजारी हसणं थांबलं होतं.

अध्यक्षांच्या खुर्चीत त्या दिवशी एक वयस्कर सदस्य होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, विधेयक मागे घ्यायला सभागृहाची अनुमती आहे का? काकींना हिंदी फारशी येत नव्हती, पण हा प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला. खालून पाचसहा आळसावलेले आवाज आले, "हां."

आणि वरून आला, "न्हाई!"

सभागृह दचकलं. पेंगणारे जागे झाले. काकी उभ्या राहिल्या होत्या. आपलं ऐकू गेलं नसेल असं त्यांना वाटलं असावं, म्हणून त्यांनी पुन्हा, ओट्याशी बसून म्हणतात तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "न्हाई म्हणतीया मी!"

आबांनी वर बघितलं. चाळीस वर्षांचा आवाज तो, ओळखायला चष्मा लागला नाही. त्यांच्या हातातला कागद तसाच राहिला. दोन बाजूंनी सुरक्षेच्या दोन बायका येऊन काकींना धरून नेऊ लागल्या, मी मागून धावलो, आणि मागे अध्यक्षांचा आवाज येत राहिला, विधेयक मागे घेण्यात आले आहे, पुढचं विधेयक.

तर अशी ती खोली.

दहियाबाईंनी कागदावर काकींचं नाव घेतलं, वय घेतलं. "क्यूँ चिल्लाईं आप?"

मी भाषांतर केलं. काकी म्हणाल्या, "आवं, त्यांनी इचारलं म्हणून सांगितलं. इचारायचं न्हवतं तर."

हेही मी भाषांतर केलं. दहियाबाईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्या कडकच राहिल्या. कसलं विधेयक होतं, म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांची लेखणी थांबली.

"इचार तिला," काकी म्हणाल्या, "तिच्या घराच्या कागदावर कुणाचं नाव हाय."

"काकी, असं विचारत नसतात."

"इचार म्हणते ना."

मी अर्धवट चाचरत विचारलं. दहियाबाई माझ्याकडे नाही, काकींकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ससुर जी का." थोड्या वेळानं उठल्या आणि दारात उभ्या असलेल्या शिपायाला तीन चहा आणायला सांगितलं. आता काकी तोच प्रश्न मला विचारतील या भीतीनं मी चहा आल्यावर कपात बघत बसलो.

"काकी," मी विषय बदलला, "आबांच्या हिंदीला एवढं काय हसत होतात?"

"हिंदीला न्हाई रं. भगिनी म्हणालं न्हवं का."

"हां. मतदारसंघातली एक भगिनी. कोण आहे ती? मला आबांनी कधी सांगितलं नाही."

काकींनी बशीतला चहा फुंकला. "चाळीस वरसं संसार केला आन दिल्लीत येऊन ह्यांनी मला भैन केली," त्या म्हणाल्या.

मग त्या म्हणाल्या, "तू बी हुतास की तितं. तूच तर वाचून दाखवलंस."

आणि मला आठवलं.

पहिल्या निवडणुकीचा अर्ज. खडकवाडीच्या घराचा पुढचा सोपा, चारपाच कार्यकर्ते, आबा तक्क्याला टेकलेले. मी प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचत होतो. उमेदवाराच्या नावे, स्थावर, राहते घर, शेती, विहीर. पत्नीच्या नावे, जंगम, एक मंगळसूत्र. स्थावर, निरंक.

आतल्या उंबऱ्यात काकी शेंगा निवडत बसल्या होत्या. "निरंक म्हंजी काय रं, मनू?"

"म्हणजे काही नाही, काकी."

"काईच न्हाई? मग मी राहते कुटं?"

आम्ही सगळे हसलो. मी हसलो, कार्यकर्ते हसले, आबाही हसले. कुणीतरी म्हणालं, वहिनी लई हजरजबाबी. काकीही हसल्या आणि शेंगा घेऊन आत गेल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी हातातल्या पाटल्या प्रचाराच्या जीपसाठी काढून दिल्या होत्या. त्या पाटल्यांचे पैसे निवडणूक खर्चाच्या नोंदीत मीच दाखवले होते, 'उमेदवाराचा स्वतःचा निधी' या रकान्यात. रकानाच तसा होता. एक चूक नव्हती माझ्या टायपात.

"म्या काय त्या येळंला चेष्टेनं न्हवतं इचारलं," काकी म्हणाल्या. "पर तुमी हसलासा, म्हणून म्याबी हसले. मग तीन सालानं ह्ये सुट्टीला आलं तवा एकदा जेवताना पुन्ना इचारलं. त्या येळंला ह्ये हसलं न्हाईत."

मी त्यांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

दार उघडून आबा आले. पासवर शिफारस त्यांचीच असल्यामुळे त्यांना सहीला बोलावलं होतं. दहियाबाई उठून उभ्या राहिल्या. आबांनी कागदावर सही केली. शेवटच्या रकान्याशी त्या म्हणाल्या, "सर, आपसे रिश्ता?"

"मेरी पत्नी है," आबा म्हणाले.

"आता पत्नी," काकी मला म्हणाल्या. "मगाशी भगिनी."

आबा समोरच्या खुर्चीवर बसले. दोघांच्या मधे चहाचे कप होते. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अगं, काय केलंस ह्ये?"

"इचारलं, सांगितलं."

"तुला न्हवतं इचारलं त्यांनी."

"त्येच तर म्हणते," काकी म्हणाल्या. "मला कदी इचारलंच न्हाई कुणी."

त्या रागावून बोलल्या नाहीत. कौलं बदलायची आहेत, असं सांगावं तशा बोलल्या. म्हणूनच असेल, मला तिथं बसवेना. पण उठून जाताही येईना.

आबा टोपीची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "मालन, मत घेतलं असतं तरी पडलंच असतं गं. माझ्या एकट्याच्या मतावर हुतं व्हय ते?"

"पडू द्यायचं हुतं. बाटलीच्या येळंला पयल्यांदा आपुन पडलोच हुतो. अकरा मतांनी. गावाला कळलं तरी, अकरा बायका कमी हायत्या. दुसऱ्या सालाला त्या गोळा केल्या. पडल्यालं दिसतं माणसाला. तुमी मागं घेतलासा, ते कुणाला दिसायचं?"

"चुकलं माझं," आबा म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते आणि काकींनीही ऐकले नसावेत. कारण त्या गडबडल्या. पदरानं उगाच खुर्चीचा हात पुसला आणि म्हणाल्या, "बरं बरं. सकाळधरनं जेवलासा का काय?"

दहियाबाईंना शब्द कळत नव्हते, पण त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या. निघताना त्यांनी काकींचा हात हातात घेतला आणि ताकीद दिली, फिर मत करना, माँ जी. काकींनी विचारलं, काय म्हणते? मी म्हणालो, पुन्हा या म्हणते.

पुढच्या आठवड्यात आबा गावी आले, ते थेट दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. घर दोघांच्या नावावर झालं. टायपिंग मी केलं. काकींना सही यायची, पण सवय नव्हती. आदल्या दिवशी त्यांनी पाटीवर गिरवून तयारी केली होती. कचेरीत 'मालन सर्जेराव हुलवान' लिहायला त्यांना चांगली पाच मिनिटं लागली आणि मागच्या रांगेतल्या कुणाची कुरकुर करायची छाती झाली नाही, कारण आबा त्या रांगेकडेच बघत उभे होते. याचा गवगवा आबांनी केला नाही. स्वतःच्या भाषणातही कधी सांगितलं नाही.

दिल्लीच्या एका वर्तमानपत्रात मात्र दर्शक दीर्घेतल्या गोंधळाची चार ओळींची बातमी आली होती, आणि प्रतोदांनी ती जपून ठेवली होती. दोन वर्षांनी निवडणूक लागली. आबांना तिकीट मिळालं, कारण दुसरा माणूस मिळाला नाही. निधी मिळाला नाही. कार्यकर्त्यांनी सोप्यात बैठक घेतली आणि ठरवलं, घर तारण ठेवून पैसा उभा करायचा. निवडून आल्यावर फेडू. आबा निवडून येणारच, याबद्दल सोप्यात दुमत नव्हतं.

तारणाचा कागद मीच तयार केला. आबांनी सही केली आणि कागद हातातच धरला. खाली आणखी एक रेघ रिकामी होती.

कार्यकर्त्यांतला एक जण म्हणाला, "वहिनींची सही मनू घेऊन यील की आत जाऊन. आंगठा उठिवला तरी चालतंय."

"न्हाई," आबा म्हणाले. त्यांनी हाक मारली. काकी हात पुसत बाहेर आल्या, आणि आबा तक्क्यावरून उठून उभे राहिले. सगळ्यांसमोर.

"मालन, घर तारण ठेवावं म्हणत्यात सगळी. निवडणुकीला पैसा न्हाई. तुला इचारतोय."

"इचारताय न्हवं?"

"व्हय."

काकींनी एकदा आढ्याकडे बघितलं, एकदा आबांच्या तोंडाकडे. त्यांना ते सोपं गेलं नसणार. याच माणसासाठी त्यांनी न मागता पाटल्या काढून दिल्या होत्या.

"मग न्हाई," त्या म्हणाल्या.

आबांनी पेनाला टोपण लावलं, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मनू, फाड. मत पडलं."

एक जीप, गावोगावची वर्गणी आणि सायकलवरची पोरं, एवढ्यावर ती निवडणूक लढवली. विरोधकांनी आबांचं नवं प्रतिज्ञापत्र चव्हाट्यावर आणलं. बघा, साहेबांची संपत्ती निम्मी झाली आणि बायकोची निरंकवरून एवढी वाढली. भानगड आहे! आबांनी उत्तर दिलं नाही. आम्ही सांगू का म्हटलं, तर म्हणाले, "बायकूला घर दिलं, ह्ये काय सभेत सांगायचं असतंय?" तेवीस हजारांनी आबा पडले.

आता आबा नाहीत. परवा मला पुण्याहून एका मुलीचा फोन आला. खासदारांची कामगिरी नोंदवणारा त्यांचा गट आहे, जुन्या लोकांची माहिती गोळा करत होती. फार नीट बोलत होती. "सर, एकूण प्रश्न दोनशे अकरा. पक्षादेशाविरुद्ध मतदान, एकदाही नाही. खासगी विधेयक एक, तेही स्वतःच मागे घेतलं. आणि दुसऱ्या प्रतिज्ञापत्रात पत्नीच्या नावे अचानक मालमत्ता दिसते. आम्ही तिथं प्रश्नचिन्ह लावलंय. तुम्हाला काही सांगायचंय?"

"त्या विधेयकाची नोंद तुमच्यापुढं आहे का?" मी विचारलं.

"आहे. 'अनुमती दिली' असं आहे. त्याच्या आधी कंसात 'व्यत्यय' लिहिलंय."

"तो व्यत्यय नव्हता," मी म्हणालो, आणि मग तिला दीर्घेपासून सोप्यापर्यंतचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "सर, पण हे कुठल्या रकान्यात घालू?"

एक गोष्ट तिला सांगायची राहिली, ती मतमोजणीच्या दिवसाची.

निकाल लागला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कार्यकर्ते तालुक्यातूनच पांगले. आबा आणि मी जीपनं खडकवाडीला आलो. घराच्या दारात आले आणि पायरीवर थांबले. दार सताड उघडं होतं, आत चुलीचा धूर दिसत होता, तरी ते आत पाऊल टाकेनात. पडलेल्या माणसानं आपल्याच घरात कसं शिरावं, हे त्यांना समजत नव्हतं. टोपी हातात होती. मी मागं उभा होतो. त्या दिवशी तो कागद फाडला नसता तर हे दारही आज आपलं नसतं, एवढंच माझ्या मनात येत होतं. त्यांच्याही येत असावं.

काकी बाहेर आल्या. त्यांनी आबांना खालपासून वरपर्यंत बघितलं. निकाल त्यांना कळला होता. त्या पुढं झाल्या आणि आबांच्या हातातली टोपी काढून घेतली.

"भाईर का हुबं ऱ्हायलासा?" त्या म्हणाल्या. "या की आत. माझ्या घरात पडल्याल्या माणसालाबी च्या मिळतो."